विश्लेषण : रॅम महागली, त्यात लॅपटॉपवर ‘शेअर्ड मेमरी’ लिहिलेलं, हा तोटा आहे की फायदा?

गेल्या काही महिन्यांत पनवेलमध्ये लॅपटॉप घ्यायला गेला असाल, तर दोन गोष्टी नक्की जाणवल्या असतील. पहिली म्हणजे रॅमचा भाव. आठ जीबीवरून सोळा जीबीवर जायचं म्हटलं की दुकानदार सांगतो तो आकडा वर्षभरापूर्वीच्या आकड्याशी जुळतच नाही. दुसरी गोष्ट घरी आल्यावर कळते. टास्क मॅनेजर उघडला की आठ जीबीच्या जागी थोडा कमी आकडा दिसतो आणि ग्राफिक्सच्या पानावर ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ या नावाखाली जवळपास निम्मी रॅम लिहिलेली असते.

मग प्रश्न पडतो, एवढे पैसे मोजून घेतलेली रॅम ग्राफिक्सनेच खाल्ली का?

थोडक्यात उत्तर : नाही. उलट, मेमरी ‘शेअर’ करणं ही स्क्रीन वेगवान करण्याची सगळ्यात जुनी आणि स्वस्त युक्ती आहे. तुमच्या हातातला फोन, ऑफिसमधला कॉम्प्युटर, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, सगळं तिच्यावर चालतं. पण तिला एक अट आहे. ती अट कळली, की लॅपटॉप कुठला घ्यायचा, जुना कॉम्प्युटर फेकायचा की ठेवायचा आणि क्लाउडवरचा कॉम्प्युटर आपल्याला परवडेल का, या तिन्ही प्रश्नांकडे नीट बघता येतं.

आधी हिशेब : स्क्रीनवरचं एक चित्र म्हणजे किती डेटा?

फुल एचडी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग साठवायला साधारण ४ बाइट लागतात. म्हणजे स्क्रीनभर एका चित्राला सुमारे ८३ लाख बाइट, अर्थात ८.३ एमबी.

साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा ताजी होते. व्हिडिओ किंवा गेम पूर्ण स्क्रीनवर चालू असेल तर दर सेकंदाला ६० चित्रं हवीत. ८३ लाख गुणिले ६० म्हणजे जवळपास ५० कोटी बाइट, दर सेकंदाला. एका चित्रासाठी हातात वेळ किती? सुमारे १६.७ मिलिसेकंद.

आता फोन घ्या. १०८० गुणिले २४०० ठिपक्यांची स्क्रीन १२० हर्ट्झवर चालत असेल तर हाच आकडा १२४ कोटी बाइटच्या घरात जातो आणि एका चित्रासाठी मिळतात फक्त ८.३ मिलिसेकंद. रील्स वर सरकवताना स्क्रीन क्षणभर अडखळते, तेव्हा यातली एखादी वेळ चुकलेली असते.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. स्क्रीनवर काही हलतच नसेल तर नवं चित्र काढावं लागत नाही. खरा ताण येतो तो स्क्रोल, व्हिडिओ, गेम आणि ॲनिमेशनच्या वेळी.

चित्र काढतो एक, दाखवतो दुसरा

ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर किंवा व्हॉट्सॲप थेट स्क्रीनवर चित्र काढत नाहीत. प्रत्येक ॲप आपल्या खिडकीपुरतं चित्र तयार करतं. या सगळ्या खिडक्या एकावर एक नीट मांडून अंतिम स्क्रीन तयार करणारा प्रोग्रॅम वेगळा असतो. विंडोजमध्ये त्याला ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ म्हणतात, अँड्रॉइडमध्ये ‘सरफेसफ्लिंगर’, तर लिनक्समध्ये ‘कंपोझिटर’. आपण सोयीसाठी त्याला स्क्रीनचा कारभारी म्हणू.

अडचण अशी की सुरक्षेसाठी ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःची वेगळी मेमरी देते. एकाला दुसऱ्याच्या मेमरीत डोकावता येत नाही. तसं नसतं, तर एखाद्या फालतू गेमने तुमच्या बँकेच्या ॲपमधला पासवर्ड वाचला असता. मग ॲपने काढलेलं चित्र कारभाऱ्यापर्यंत पोचणार कसं?

शाळेतलं उदाहरण घ्या. एका मुलाने वहीत निबंध लिहिलाय. तपासणाऱ्या बाई स्टाफरूममध्ये बसल्यात. नियम असा, की मुलाची वही वर्गाबाहेर न्यायची नाही. मग शिपाई वर्गात येतो, निबंध स्वतःच्या वहीत उतरवून घेतो आणि स्टाफरूममध्ये जातो. तिथे बाई तो आपल्या वहीत पुन्हा उतरवून घेतात आणि मग वाचतात. निबंध एक, पण लिहिला गेला तीन वेळा.

कॉम्प्युटरमध्ये शिपायाचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल करतो. ॲपच्या मेमरीतून कर्नलकडे एक कॉपी, कर्नलकडून कारभाऱ्याकडे दुसरी. प्रत्येक कॉपी म्हणजे एकदा वाचणं आणि एकदा लिहिणं. फुल एचडी व्हिडिओसाठी या दोन फुकटच्या कॉप्यांचा खर्च दर सेकंदाला सुमारे २०० कोटी बाइटची ये-जा इतका होतो. त्यातून स्क्रीनवर एक ठिपकाही जास्त दिसत नाही. प्रोसेसर दमतो आणि बॅटरी उतरते.

हा द्राविडी प्राणायाम सुरू कशाला केला?

त्यामागे कारण होतं आणि ते चांगलं होतं. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी ‘एक्स विंडो सिस्टिम’वर काम सुरू केलं. मोठा कॉम्प्युटर एका इमारतीत आणि स्क्रीन दुसऱ्या इमारतीत, अशी तेव्हाची परिस्थिती. त्यामुळे प्रोग्रॅम एका यंत्रावर चालेल आणि खिडकी दुसऱ्या यंत्रावर दिसेल, अशी रचना त्यांनी केली. दोघांमध्ये संदेशांची देवाणघेवाण नेटवर्कवरून व्हायची. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे ‘एक्स ११’ आली. पुढची तीसेक वर्षं लिनक्स आणि युनिक्सच्या जगात बहुतेक स्क्रीन तिच्यावरच चालल्या.

‘इथे रेघ काढ’, ‘इथे चौकट काढ’ असे छोटे निरोप पाठवायचे असतील तर ही रचना उत्तम. पण तयार फोटो किंवा व्हिडिओचं चित्र पाठवायचं झालं की गाडी अडायची. ॲप आणि स्क्रीन एकाच टेबलावरच्या एकाच यंत्रात असली, तरी चित्र शिपायाच्याच मार्गाने जायचं.

त्यावरचा तोडगा म्हणजे ‘एमआयटी-एसएचएम’. यातलं ‘एसएचएम’ म्हणजेच शेअर्ड मेमरी. जोनाथन कॉर्बेट आणि कीथ पॅकार्ड यांच्या नावाने १९९१ मध्ये आलेल्या दस्तऐवजात ती कशी वापरायची हे सांगितलेलं आहे. कल्पना साधी होती. ऑपरेटिंग सिस्टिमला सांगायचं, की मेमरीचा हा एक तुकडा दोघांनाही दिसू दे. ॲप त्यात चित्र काढेल, कारभारी तिथूनच उचलेल. मधून जाईल तो फक्त एक छोटा निरोप : ‘चित्र तयार आहे, बघ.’

म्हणजे शाळेने नियम बदलला. एक वही अशी ठेवली, जी मुलालाही दिसते आणि बाईंनाही. शिपाई आता फक्त ‘झालं’ एवढंच सांगायला जातो.

पण बाई वाचत असताना मुलाने खोडलं तर?

इथेच खरी गंमत आहे. कॉपी असते तेव्हा भांडण नसतं, ज्याची त्याची वही ज्याच्या त्याच्याकडे. एकच वही दोघांच्या हातात आली की पाळी ठरवावी लागते. कारभारी चित्र उचलत असतानाच ॲपने पुढचं चित्र काढायला घेतलं, तर स्क्रीनच्या वरच्या अर्ध्या भागात नवं आणि खालच्या अर्ध्या भागात जुनं चित्र दिसतं. व्हिडिओत कधी कधी माणसाचं डोकं एकीकडे आणि धड किंचित दुसरीकडे सरकलेलं दिसतं. अशा ‘टिअरिंग’चं हे एक कारण.

याचा उपाय आपण सगळ्यांनी शाळेत केलेला आहे. एका विषयाच्या दोन वह्या. एक बाईंकडे तपासायला, तेवढ्या वेळात दुसरीत लिहायचं. पहिली परत आली की अदलाबदल. ‘एक्स’नंतर आलेल्या ‘वेलँड’ या पद्धतीत हे शिस्तीत बसवलंय. ॲप चित्र हवाली करतं आणि कारभाऱ्याकडून ‘वही मोकळी झाली’ असा निरोप येईपर्यंत तिला हात लावत नाही.

दुसरा धोका विश्वासाचा. बाई वाचत असताना एखाद्या खोडकर मुलाने मधलं पानच फाडलं तर? कॉम्प्युटरमध्ये असं झालं तर कारभारी कोसळू शकतो आणि त्याच्यासोबत सगळ्या खिडक्या जातात. म्हणून २०१४ मध्ये लिनक्समध्ये मेमरीला ‘सील’ लावण्याची सोय आली. एकदा सील लागलं की तो तुकडा लहान करता येत नाही.

मराठी अक्षरांचा इथे काय संबंध?

संबंध आहे. जुन्या ‘एक्स’मध्ये अक्षरं काढायचं काम स्क्रीन सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे होतं. ॲप अक्षराचा क्रमांक सांगायचं, सर्व्हर त्या क्रमांकाची आकृती ठेवायचा. इंग्रजीला हे पुरतं. मराठीत ‘कि’ टाइप करताना आधी ‘क’ येतो, पण वेलांटी दिसते त्याच्या आधी. ‘सूर्य’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘त्र’ यांची रूपं वेगळीच. क्रमांकाला एक आकृती या हिशेबात देवनागरी बसतच नाही.

त्यासाठी दोन गोष्टी लागल्या. एक, जोडाक्षरांची माहिती पोटात असलेले फाँट. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेने प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘रघू’ हा देवनागरी फाँट सगळ्यांसाठी खुला केला. विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा ‘मंगल’ही जोशी यांचाच. ही एनसीएसटी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली आणि सी-डॅक मुंबईचं एक केंद्र आपल्या खारघर स्टेशनसमोर आहे.

दुसरी गोष्ट, अक्षरं जुळवण्याचं काम ॲपने स्वतःकडे घेतलं. पुढे फक्त अक्षरंच नाही, तर बटणं, सावल्या, फोटो असं जवळपास सगळं चित्र ॲप स्वतःच काढू लागली आणि कारभाऱ्याला तयार चित्र द्यायला लागली. छोट्या निरोपांचा जमाना गेला आणि ८.३ एमबीच्या चित्रांचा आला. त्यामुळे शेअर्ड मेमरी ही चैन राहिली नाही, गरज झाली.

ग्राफिक्स चिप आल्यावर काय बदललं?

आज बहुतेक चित्र प्रोसेसर काढत नाही, ग्राफिक्स चिप म्हणजे जीपीयू काढते. इथे वहीचा मालक तिसराच झाला. कॅमेऱ्याने टिपलेलं चित्र, व्हिडिओ उलगडणारा भाग, जीपीयू आणि डिस्प्ले हे एकाच यंत्रातले चार वेगवेगळे खेळाडू. त्यांच्यातही कॉपी टाळायची तर सगळ्यांना समजेल अशी एक चिठ्ठी हवी, ‘चित्र अमुक ठिकाणी आहे’ असं सांगणारी.

लिनक्समध्ये ही सोय ‘डीएमए-बफ’ नावाने मार्च २०१२ मध्ये आलेल्या ३.३ या आवृत्तीत आली. तिचं काम सुमित सेमवाल या भारतीय अभियंत्याच्या नावावर आहे. अँड्रॉइडमध्येही ॲप आणि सरफेसफ्लिंगर यांच्यात चित्र कॉपी होत नाही, फक्त त्याचा पत्ता हातोहात जातो. मॅकमध्ये हे काम ‘आयओसरफेस’ करतं. विंडोजनेही व्हिस्टापासून खिडक्यांची चित्रं कारभाऱ्याशी शेअर करायला सुरुवात केली. ब्राउझरच्या पोटातसुद्धा हाच खेळ आहे. क्रोममध्ये टॅब आणि ग्राफिक्स सांभाळणारा भाग वेगवेगळे असतात आणि शेअर्ड मेमरीतून बोलतात.

मग आत्ता याची चर्चा का?

तीन घडामोडी एकाच वेळी घडल्या म्हणून.

पहिली, विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी जे यंत्र पात्र नाही, ते ठेवायचं की बदलायचं, हा प्रश्न घराघरात, क्लासेसमध्ये आणि छोट्या ऑफिसांत आला. एक पर्याय म्हणजे लिनक्स.

दुसरी, नेमक्या त्याच सुमारास लिनक्सच्या मोठ्या वितरणांनी ‘एक्स ११’ला निरोप द्यायला सुरुवात केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या ग्नोम ४९ मध्ये एक्सवर चालणारं सत्र मूळ मांडणीत बंद केलं गेलं. ऑक्टोबरमधल्या उबुंटू २५.१० आणि फेडोरा ४३ यांनी ग्नोमसाठी फक्त वेलँड ठेवलं. नोव्हेंबरमध्ये केडीईने जाहीर केलं, की प्लाझ्मा ६.८ पासून तेही हाच रस्ता धरणार. जुनी ॲप मात्र बंद पडत नाहीत. ती ‘एक्सवेलँड’ या दुभाष्यामार्फत चालत राहतात.

सामान्य माणसाला यातून काय मिळतं? एक म्हणजे गोपनीयता. जुन्या एक्समध्ये एकदा आत आलेलं कुठलंही ॲप इतरांच्या खिडक्या बघू शकायचं, टाइप केलेली अक्षरंही टिपू शकायचं. सगळ्यांच्या वह्या एकाच टेबलावर उघड्या पडलेल्या. वेलँडमध्ये वही फक्त दोघांच्यात, ॲप आणि कारभारी. म्हणूनच व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करताना नवं लिनक्स आधी विचारतं, ‘नक्की कोणती खिडकी दाखवू?’ तो प्रश्न वैताग आणणारा वाटला तरी तुमच्या भल्यासाठी आहे.

तिसरी घडामोड रॅमच्या भावाची, आणि तिचा धागा पनवेलपर्यंत येतो.

रॅम का महागली? पनवेलमधल्या इमारतीत काय आहे?

मुंबई-पुणे रस्त्याने जाताना पनवेलजवळ हिरानंदानी फॉर्च्युन सिटी लागते. तिथे योट्टा कंपनीचं ‘एनएम१’ हे डेटा सेंटर आहे. जुलै २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते त्याचं ऑनलाइन उद्घाटन झालं. ७,२०० रॅकची क्षमता असलेल्या या केंद्रात २०२४ पासून एआयच्या कामासाठी एनव्हिडियाच्या एच१०० चिपा बसवल्या जाऊ लागल्या.

अशा एका एच१०० चिपेला चिकटून ८० जीबी खास मेमरी असते, तिला एचबीएम म्हणतात. तिचा वेग सेकंदाला साडेतीन टीबीच्या थोडा खाली. तुमच्या लॅपटॉपमधली एक डीडीआर४-३२०० रॅम पट्टी देते सेकंदाला २५.६ जीबी. म्हणजे फरक शंभर पटींहून जास्त.

आता गोम अशी, की एचबीएम आणि तुमच्या लॅपटॉपची रॅम बनवणाऱ्या बड्या कंपन्या त्याच तीन आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. जगभर एआयची केंद्रं उभी राहतायत, त्यांना मेमरी हवीय आणि ती घेणारे जास्त पैसे मोजतायत. कारखान्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत साध्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँड बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

पनवेलच्या एका केंद्रामुळे रॅम महागली असं म्हणणं चूक ठरेल. पण जगात ज्या प्रकारच्या यंत्रांनी मेमरीचा बाजार हलवला, ती यंत्रं बघायला कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. ती आपल्या तालुक्यातच आहेत.

मग लॅपटॉपवरची ‘शेअर्ड मेमरी’ चांगली की वाईट?

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये जीपीयू प्रोसेसरच्याच चिपेत असतो. त्याला स्वतःची मेमरी नसते, तो मुख्य रॅम वापरतो. महाग गेमिंग लॅपटॉपमध्ये जीपीयू वेगळा असतो आणि त्याची मेमरीही वेगळी, खूप वेगवान. पण तिथे मुख्य रॅममधली गोष्ट जीपीयूच्या मेमरीत न्यायची तर पुन्हा कॉपी आली.

म्हणजे एकत्र मेमरीत कॉपी वाचते, पण एकाच नळावर दोन घरं पाणी भरतात. वेगळ्या मेमरीत नळ स्वतंत्र, पण हंडे वाहून न्यावे लागतात. ॲपलने नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आणली तेव्हा मेमरी एकत्रच ठेवली, पण नळ मोठा केला : सेकंदाला सुमारे ६८ जीबी.

यातून खरेदीसाठी चार गोष्टी निघतात.

१. टास्क मॅनेजरमधला ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’चा निम्म्या रॅमचा आकडा ही कमाल मर्यादा आहे. तेवढी रॅम बाजूला काढून ठेवलेली नसते, लागेल तशी वापरली जाते. खरोखर बाजूला ठेवलेला भाग ‘हार्डवेअर रिझर्व्हड’ या नावाने वेगळा दिसतो आणि तो सहसा बराच लहान असतो.

२. रॅम किती जीबी, एवढंच विचारू नका. पट्ट्या किती, तेही विचारा. सोळा जीबीची एक पट्टी आणि आठ-आठच्या दोन पट्ट्या यांत साठा सारखाच. पण दोन पट्ट्या एकत्र चालल्या की नळ दुप्पट होतो, २५.६ वरून ५१.२ जीबी. ज्या लॅपटॉपमध्ये वेगळा जीपीयू नाही, त्याच्या ग्राफिक्सला याचा थेट फायदा होतो.

३. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का आणि दुसरा स्लॉट मोकळा आहे का, हे बिल करण्याआधी विचारा. स्लॉट मोकळा असेल तर आज आठ जीबीवर भागवून भाव उतरल्यावर दुसरी पट्टी घालता येईल.

४. तुमचं काम टायपिंग, टॅली, ऑनलाइन क्लास आणि सिनेमे एवढंच असेल, तर एकत्र मेमरीला नाकं मुरडायचं कारण नाही.

आणि एक प्रामाणिक सूचना. शेअर्ड मेमरीने सगळे आजार बरे होत नाहीत. जुना लॅपटॉप चाळीस टॅब उघडल्यावर गुदमरत असेल, तर त्याचं कारण बहुतेक वेळा रॅम संपणं आणि हार्ड डिस्कवर धावाधाव होणं हे असतं. तिथे एसएसडी आणि थोडी जास्त रॅम हाच उपाय.

क्लाउडवरचा कॉम्प्युटर घ्यावा का?

रॅम महाग, कॉम्प्युटर महाग. मग कॉम्प्युटर डेटा सेंटरमध्येच ठेवला आणि घरी फक्त स्क्रीन ठेवली तर? हा विचार आता पुस्तकी राहिलेला नाही. रिलायन्स जिओने २०२५ मध्ये ‘जिओपीसी’ आणला. सेट-टॉप बॉक्सला कीबोर्ड-माउस जोडायचा आणि टीव्हीवर दूरचा कॉम्प्युटर वापरायचा. गंमत बघा, १९८४ मध्ये एमआयटीत जी कल्पना होती, तीच चाळीस वर्षांनी दिवाणखान्यात आली.

आणि सुरुवातीला म्हटलेली ती अट इथेच आडवी येते. शेअर्ड मेमरी फक्त एका यंत्राच्या आत चालते. दोघांनी एकच वही बघायची तर दोघं एकाच शाळेत हवेत. ॲप पनवेलच्या डेटा सेंटरमध्ये आणि स्क्रीन नागपूरच्या घरात असेल, तर चित्र पाठवावंच लागतं.

किती? वरचाच हिशेब पुढे न्या. सेकंदाला ५० कोटी बाइट म्हणजे जवळपास ४०० कोटी बिट, अर्थात ४ जीबीपीएस. घरी १०० एमबीपीएसचं कनेक्शन असेल तर त्याच्या चाळीस पट. म्हणून तिकडे चित्र व्हिडिओसारखं दाबून छोटं करतात, बदललेला भागच पाठवतात आणि इकडे उलगडतात. डेटा आटोक्यात येतो, पण दाबायला आणि उलगडायला वेळ लागतो. काही वेळा बारीक अक्षरांच्या कडा धूसर होतात. देवनागरीत अनुस्वार आणि रफार आधीच नाजूक, तिथे हे जास्त जाणवतं.

वर अंतर आहेच. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पनवेल ते नागपूर ८०० किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन ८ मिलिसेकंद, तेही वाटेत कुठेच न थांबता. एका चित्राला मिळणाऱ्या १६.७ मिलिसेकंदांपैकी निम्मे नुसत्या प्रवासात गेले. पत्र लिहायला, तक्ते भरायला, अभ्यासाला यात काही बिघडत नाही. पण वेगवान गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर हात आणि स्क्रीन यांच्यातलं ते अंतर जाणवतं. आणि नेट गेलं की अख्खा कॉम्प्युटर गेला.

त्यामुळे घरी जुना, विंडोज ११ ला अपात्र ठरलेला लॅपटॉप पडलेला असेल, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. आधी पेन ड्राइव्हवरून एखादं लिनक्स चालवून बघा. त्यासाठी आतलं काही पुसावं लागत नाही. फुल एचडी व्हिडिओ लावा, खिडकी इकडेतिकडे ओढा, मराठी मजकुराचं लांबलचक पान वर-खाली सरकवा. स्क्रीन अडखळली नाही, तर त्या यंत्रातले ॲप, जीपीयू आणि कारभारी अजूनही एकाच वहीवर नीट काम करतायत. ती वही आतल्या आत आहे, तिला महिन्याचं भाडं नाही आणि नेटची गरजही नाही. रॅमचे भाव उतरेपर्यंत तेवढं अनेकांना पुरेल.